मास्तरांचं जोडकार्ड

अण्णाजी मास्तरांचं कार्ड लहानूला आलं एकोणऐंशीच्या जानेवारीत, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, आणि लहानूने त्याचं उत्तर दिलं नाही. एक महिना दिलं नाही, एक वर्ष दिलं नाही, बघता बघता साडेनऊ वर्षं दिलं नाही.

उत्तर न द्यायला काही सबब म्हणावी, तर तीसुद्धा मास्तरांनी शिल्लक ठेवली नव्हती. ते जोडकार्ड होतं. पोस्टात एकाला एक जोडलेली दोन कार्डं मिळत. एकावर आपण मजकूर लिहायचा, दुसऱ्यावर आपलाच पत्ता घालून ते कोरं सोडायचं. समोरच्याने फक्त घडीवर फाडायचं, दोन ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं. कोऱ्या अर्ध्यावर मास्तरांनी आपल्या मोत्यासारख्या अक्षरात पत्ता घातला होता: अण्णाजी मास्तर, मु. पो. गिरड, जिल्हा वर्धा.

मजकूर फार नव्हता.

‘चि. लहानूस अनेक आशीर्वाद. तू माझ्यावर रागावला आहेस असे सदाशिव म्हणतो. मला तसे वाटत नाही, कारण तू समजदार आहेस. जे झाले त्यात माझा नाइलाज होता. कागद एकदा कॉलेजात जमा झाला की तो परत मिळत नाही, हे तुलाही आता ठाऊक झाले असेल. तुझ्या मनात काही असल्यास लिही. काही नसल्यास तसेही लिही. कार्ड जोडले आहे.’

आलेल्या पत्राला आठ दिवसांत उत्तर गेलं पाहिजे, हे लहानूला शिकवलं होतं मास्तरांनीच, सातवीत. म्हणून पहिले आठ दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. त्याने मनातल्या मनात शंभर उत्तरं लिहिली. काहींत तो फार कडक बोलला, काहींत ‘माझ्या मनात काही नाही’ असं लिहून मोकळा झाला. पण कागदावर एक अक्षर उमटलं नाही. नववा दिवस उजाडला तसं कार्ड त्याने बारावीच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात ठेवून दिलं. पुस्तकाचा आता तसाही काही उपयोग नव्हता.

त्या कागदाची गोष्ट अशी.

लहानू गिरडच्या नत्थूजींचा मुलगा. दर्ग्याच्या टेकडीच्या पायथ्याशी त्यांचं वावर. दहावीपर्यंत गावातच मास्तरांच्या हाताखाली शिकला आणि पुढची दोन वर्षं हिंगणघाटला मावशीकडे राहून त्याने बारावी सायन्स केलं. तिथल्या प्रयोगशाळेत एक वर्णपटमापक होता. सर तो वर्षातून एकदाच कपाटाबाहेर काढत. मिठाची चिमूट ज्योतीत धरली, नळीला डोळा लावला, की काळ्याभोर अंधारात एक पिवळी रेघ. बस, एवढंच. पण ती रेघ पाहिल्यापासून लहानूला दुसरं काही करायचं नव्हतं. अठ्ठ्याहत्तर साली तो पहिल्या श्रेणीत पास झाला आणि नागपूरच्या सायन्स कॉलेजच्या पहिल्याच यादीत त्याचं नाव लागलं. बी.एस्सी., भाग एक. मूळ कागदपत्रं बारा जुलैपर्यंत जमा करायची होती.

गिरडात त्या काळी कोणाच्याही पोराचा कागद मास्तरांच्या डोळ्यांखालून गेल्याशिवाय पुढे सरकत नसे. लहानूची तर जन्मतारीखही मास्तरांनीच ठरवली होती. आईला फक्त ‘तुरी सवंगायच्या दिसात’, म्हणजे कापणीच्या दिवसांत, एवढं आठवत होतं. मास्तरांनी शाळेत नाव घालताना एक जुलै लिहून टाकली होती. तेव्हा लहानू आपला टी.सी. आणि गुणपत्रिका घेऊन मास्तरांकडे गेला, यात नवल काहीच नव्हतं.

“सात तारखेले मी नागपूरले चाललोच आहो,” मास्तर म्हणाले. “तुह्या बापाची सरकी टोबाची राह्यली आहे. तू कायले फुकट खेप करतं? दे इकडे. खिडकीवर माह्या ओळखीचा माणूस आहे.”

लहानूने कागद दिले. पाया पडला आणि सरकी पेरायला वावरात गेला.

त्याच वर्षी, गिरडपासून बसने तासाभराच्या अंतरावर, बाजाराच्या एका गावी नवीन आर्ट्‌स कॉलेज निघालं होतं. गावाचं नाव सांगून उपयोग नाही. तशी कॉलेजं त्या वर्षांत बरीच निघाली. कापसाच्या बंद पडलेल्या जिनाच्या गोदामात तट्टे मारून वर्ग केले होते आणि भिंतींना अजून कापूस चिकटलेला होता. विद्यापीठाची अट होती की पहिल्या वर्षाला चाळीस विद्यार्थी दिसले पाहिजेत, तरच मान्यता. कमिटी येणार, मूळ टी.सी. हातात घेऊन एकेक मोजणार. म्हणून संस्थेची माणसं गावोगाव फिरून टी.सी. गोळा करत होती. मान्यता मिळाली तर मास्तरांचा मुलगा सदाशिव तिथे मराठीचा प्राध्यापक होणार होता. एम.ए. होऊन तो दोन वर्षं घरी बसला होता.

लहानूला यातलं काही माहीत नव्हतं. सोळा जुलैला तो पत्र्याची पेटी घेऊन नागपूरला उतरला. खिडकीवरच्या माणसाने यादी पाहिली, दुसरं रजिस्टर पाहिलं, मग चष्मा वर करून लहानूकडे पाहिलं.

“टीसी तो आया ही नहीं आपका. बारह तारीख लास्ट थी ना भैया. सीट वेटिंगवाले को चली गई.”

“मास्तर आले असतील... सात तारखेला...”

“कौन मास्टर? पीछे लाइन है, ज़रा बाजू हो जाइए.”

लहानू बाजूला झाला. तिथल्या एका दरवाज्यावर ‘भौतिकशास्त्र विभाग’ अशी पाटी होती. ती त्याने दोनदा वाचली आणि परतीच्या बसला बसला.

गिरडला उतरला तो पेटीसकट थेट मास्तरांच्या घरी गेला. मास्तर ओट्यावर चहा घेत होते. पेटी पाहूनच त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी बशी खाली ठेवली.

“अगं, लहानूले चहा टाक,” त्यांनी आत सांगितलं. मग खाली पाहत म्हणाले, “बेटा, कमिटी होती. एकोणचाळीस झालते. एक कमी पडत होता रे. दोन दिसाचा सवाल, म्हटलं, तुहा दाखवू न् घेऊन येऊ. पण कपाटात गेलेला कागद आता देत नाईत ते. नाइलाज झाला. बी.ए. काय वाईट आहे? सदाशिव आहे तिथी, तो तुह्याकडे पाहीन.”

लहानूच्या तोंडाशी पुष्कळ काही आलं. आतून मास्तरीणबाई, वच्छलाबाई, चहा घेऊन आल्या. एक कान तुटलेला, लहानपणापासून त्याच्यासाठीच ठेवलेला कप.

“बरं, सर,” लहानू म्हणाला.

पुढे त्याला स्वतःचे ते दोन शब्द मास्तरांच्या कृत्यापेक्षा जास्त छळायचे.

त्याने गोदामातल्या वर्गात बसून तीन वर्षं काढली. सदाशिवराव मराठी शिकवत. माणूस भला, पण लहानूच्या नजरेला नजर देत नसे. बी.ए. झाल्यावर त्याच कॉलेजात लहानू ग्रंथालयाचा कारकून झाला. मास्तरांनीच शब्द टाकला असावा अशी त्याला शंका होती, म्हणून नोकरी लागल्याचा आनंदही त्याला धड करता आला नाही. पुस्तकांच्या धुळीत तो रमला मात्र. आणि हळूहळू त्याला वेगळीच शंका येऊ लागली. खरंच आपल्यावर अन्याय झाला का? नागपूरला गेलो असतो तर कदाचित पहिल्याच वर्षी आपटलो असतो. एका पिवळ्या रेघेवर कोणी शास्त्रज्ञ होतो का? आणि मास्तरांनी तरी काय करावं, कागद कपाटात गेला, नाइलाज झाला. हे असं तो स्वतःला इतकं सांगत आला की अर्धंमुर्धं खरंच वाटू लागलं होतं. दर दिवाळीला गिरडहून येऊन सदाशिवराव एकदा तरी म्हणत, “बाबा विचारत होते, लहानूचं पत्र नाही आलं का?” लहानू कसनुसा हसे आणि एखादं पुस्तक उगाच जागेवरून हलवे.

अठ्ठ्याऐंशी साली गोष्ट त्याच्या स्वतःच्या दारात आली.

कॉलेज जुनं झालं तरी वर्ग काही भरत नसत. उन्हाळ्यात विद्यार्थी गोळा करायची रीत आता पक्की झाली होती. प्राध्यापकांना दहा, कारकुनांना पाच. त्या वर्षी लहानूचे पाच अल्लीपूरकडचे. आयुष्यात कोणाच्या दारात उभं राहून काही मागायला त्याची जीभ रेटत नसे, पण घरी बायको, दोन लेकरं, तो गेला. अल्लीपूरला बाबाराव नावाच्या शेतकऱ्याने त्याला बाजेवर बसवून पाणी दिलं आणि पोरीचा टी.सी. न मागता पुढे केला.

“घेऊन जा. मुलींले बसचा पास फुकट आहे म्हणता ना? मंग काय. शिकाचंच आहे तिले.”

लहानूने गुणपत्रिका पाहिली. कोकिळा, बारावी सायन्स. भौतिकशास्त्रात शंभरात ब्याऐंशी. त्या आकड्यावर त्याची नजर थांबली. थोडा वेळ थांबलीच. मग त्याने कागद घडी करून पिशवीत घातला. बाबारावांना त्याने एवढंही विचारलं नाही की मुलगी कुठे आहे.

आठवड्याने मुलगी ग्रंथालयाच्या दारात उभी राहिली. सोबत आई, रुख्माबाई. दोघी घामाने निथळत होत्या.

“लायब्ररीवाले भाऊ तुमीच का?”

“हो.”

“माहा टी.सी. तुमी नेला म्हणते बाबा.”

“नेला कायचा, यानंच सोताच्या हातानं देला,” रुख्माबाई नवऱ्याबद्दल बोलत होत्या. “मी वावरात गेलती, हे पोरगी मामाच्या घरी गेलती. आमच्या घरचा माणूस एकटा सापडला का असंच होते. मागच्या साली अशीच म्हैस देऊन बसलाता.”

“आई, चूप ना,” कोकिळा म्हणाली. “भाऊ, माहा वर्ध्याले बी.एस्सी.ले नंबर लागला. परवा शेवटची तारीख आहे. तिथी ओरिजिनल लागते.”

लहानूने टेबलावरचा शिक्का उचलला, परत ठेवला.

“कागद एकदा कॉलेजात जमा झाला की...” तो म्हणाला आणि थांबला. हे वाक्य आपलं नाही, हे त्याच्या ध्यानात आलं. त्या वाक्याचं मोत्यासारखं अक्षरही त्याला दिसलं.

“की काय?” कोकिळाने विचारलं.

“काई असो,” रुख्माबाई म्हणाल्या आणि खुर्चीत बसल्या. “आमी भांडाच्या तयारीनंच आलो. चारची बस गेली त सहाची आहे.”

“बसा,” लहानू म्हणाला. “मी विचारून येतो.”

ऑफिस वऱ्हांड्याच्या दुसऱ्या टोकाला. तेवढ्या पन्नास पावलांत संस्थेचे सेक्रेटरी काय म्हणतील, नोकरीचं काय होईल, कपाट कोण उघडेल, सगळं त्याने सोसून पाहिलं. हेडक्लार्क पुंडलिकराव पहिल्या दिवसापासूनचे. तोंडात खर्रा घोळवत ते पंख्याखाली बसले होते. कपाटाची किल्ली त्यांच्या जानव्यासारखी गळ्यात असायची.

“पुंडलिकराव, ती अल्लीपूरची मुलगी... तिचा टी.सी...”

“वापस पाह्यजे?”

“हो.”

“मंग देना. एक अर्ज लिहून घे तिचा, का प्रवेश रद्द करा. अन् रजिस्टरवर सही घे.” त्यांनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर सरकवली.

“एवढंच?”

“आनखी काय, बँड लावतं?”

“पण सेक्रेटरी साहेब...”

“साहेब बोंबलतीन. दर सालीच बोंबलते. तुह्या पाचातला एक कमी झाला, दुसरा आणजो. जाय.”

सगळं मिळून पाच मिनिटं लागली असतील. कोकिळाने उभ्याउभ्याच अर्ज लिहिला, सही केली. रुख्माबाईंनी कागद तिच्या हातून घेऊन पिशवीत घातला आणि पिशवी काखेत दाबली. भांडण न झाल्यामुळे त्यांची जरा निराशा झाल्यासारखी दिसली.

“येतो भाऊ,” दारातून त्या म्हणाल्या. मग वळून त्यांनी लहानूकडे नीट पाहिलं. “चांगले त दिसता तुमी. मंग नेला काऊन होता?”

त्या गेल्या. चारची बस त्यांना मिळाली असेल.

रजिस्टर अजून त्याच्या हातात होतं. ते परत ठेवायला त्याने कपाट उघडलं, तर खालच्या कप्प्यात जुनी रजिस्टरं दोरीने बांधून ठेवलेली. सगळ्यांत तळाशी अठ्ठ्याहत्तर. दहा वर्षं तो या इमारतीत होता आणि हे कपाट त्याने आतून कधी पाहिलं नव्हतं.

पहिलंच पान. एक ते चाळीस. चाळिसावं नाव त्याचं. उजवीकडे शेवटचा रकाना होता, ‘कागद परत घेतल्याची सही’. तो रकाना कोरा असेल असं त्याला वाटलं होतं. तो अर्ध्याच्या वर भरलेला होता. कोणाच्या बापाची सही, कोणाच्या मामाची, एक अंगठा. आणि बाविसाव्या व एकतिसाव्या नावापुढे तेच मोत्यासारखं अक्षर: अण्णाजी मास्तर, गिरड. तारीख दहा जुलै. नागपूरची मुदत बारा होती.

रजिस्टर तसंच उघडं धरून तो पुंडलिकरावांसमोर जाऊन उभा राहिला.

“हे... हे परत देत होते तेव्हाही?”

“तवा त जास्तच. कमिटी नऊ तारखेले येऊन गेली न् दुसऱ्या दिवशी पोट्ट्यांची ही लाइन. ज्यानं मागतला त्याले देला.” पुंडलिकरावांनी पानावर बोट ठेवलं. “तुहे मास्तर सोता आलते. एक पाटलाच्या पोराचा नेला, एक तलाठ्याच्या भाच्याचा.”

“अन् माझा?”

पुंडलिकराव बाहेर जाऊन थुंकून आले. परत येऊन बसले तेव्हा त्यांचा आवाज उतरला होता.

“मीच इचारलं होतं बापा. म्हटलं, मास्तर, हा तिसराही तुमच्याच गावचा आहे, नेता का? सेक्रेटरी तिथीच बसले होते. ते म्हणे, सगळेच नेता त वर्गात बसवाचं कोणाले? मास्तरनं जरासा इचार केला. मंग म्हणे, त्याचा राहू द्या. तो काई बोलणारा नाई.”

“असं म्हणाले?”

“असंच. मले वाटलं तुले मालूम असन. दहा वर्षं झाले, तू कधी काई बोलला नाई.”

लहानूने रजिस्टर मिटलं, दोरी बांधली, जागेवर ठेवलं, किल्ली परत दिली. ग्रंथालयात येऊन बसला. म्हणजे कपाटाने कागद गिळला नव्हता. गावातल्या सगळ्या पोरांतून, हातात धरून, निवडून त्याला तिथे ठेवलं होतं. हिशेब हुशारीचा नव्हता, गरिबीचाही नव्हता. हा ओरडणार नाही, एवढाच होता. आणि मास्तरांचा अंदाज चुकला होता का? सहा दिवसांनी पेटी घेऊन तो त्यांच्या ओट्यावर उभा राहिला आणि ‘बरं, सर’ म्हणाला. आपण चहासुद्धा प्यायलो, हे त्याला आठवलं.

संध्याकाळी घरी जाऊन त्याने भौतिकशास्त्राचं पुस्तक काढलं. कार्ड पिवळं पडलं होतं, कोपरे मऊ झाले होते. ‘नाइलाज होता’ हे शब्द त्याने पुन्हा वाचले. इतक्या वर्षांत त्यातला एकही शब्द खोटा असेल असं त्याच्या मनात आलं नव्हतं. आला होता तो संशय स्वतःचाच. मग त्याने घडीवर कार्ड फाडलं. कोरं अर्धं समोर ठेवलं आणि लिहायला बसला. लिहिण्यापूर्वी एका जुन्या वहीच्या पानावर चार वेळा मसुदा केला. त्याच्याने दुसरं होणारच नव्हतं. पहिला मसुदा दोन पानांचा होता. चौथा असा उरला:

‘मास्तरांस नमस्कार. आपले कार्ड मिळाले. उत्तरास उशीर झाला. अठ्ठ्याहत्तर सालचे रजिस्टर मी आज पाहिले. दहा जुलैला आपण दोन कागद परत नेलेत. तिसरा माझा होता. माझ्या मनात आहे. लहानू.’

‘आपला’ लिहायचं की नाही यावर तो बराच वेळ अडला. नाही लिहिलं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या फाटकाशी सदाशिवराव भेटले. लहानूच्या हातातलं कार्ड, त्यावरचा पत्ता, वडिलांचं अक्षर त्यांनी ओळखलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

“बाबांना? वा! फार वाट पाहतात हो ते. आता दिसतही नाही त्यांना धड, मीच वाचून दाखवीन. द्या इकडे, शनिवारी मी गिरडला चाललोच आहे.”

त्यांनी हात पुढे केला. लहानूने कार्ड छातीशी धरलं. सदाशिवरावांना ते आपल्याच तोंडाने वाचावं लागणार, हे त्याच्या ध्यानात आलं आणि क्षणभर तो डळमळला. त्यांनी त्याचं कधी काही वाईट केलं नव्हतं.

“नाही सर,” तो म्हणाला. आवाज जरा मोठाच निघाला. “पोस्टानेच जाऊ द्या.”

सदाशिवरावांचा हात तसाच राहिला. लहानू रस्ता ओलांडून गेला.

पोस्टमास्तरांनी कार्ड उलटंपालटं करून पाहिलं. “हे तर फार जुनं दिसते.”

“चालेल ना?”

“तिकीट छापील आहे, शिक्का बसला नाही. न चालाले काय झालं? टाका.”

बाहेर लाल पेटीपाशी लहानूने एकदा पत्ता वाचला, एकदा मजकूर वाचला. ‘माझ्या मनात आहे’च्या पुढे पूर्णविराम नीट उमटला नव्हता. त्याने खिशातलं पेन काढून तो ठळक केला, शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि कार्ड पेटीत टाकलं.